अनंताच्या पानाला कावळा शिवत नाही

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा तेवढंच गाळून बाकीचं बोलते. मग तुम्हालाच का? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

कावळ्यांपासून सुरुवात करते, तेव्हा हसायचं ते आधीच हसून घ्या. सिडकोत आमचं घर आहे. पितृपंधरवड्यात माझ्या दिराच्या, अनंताच्या तिथीला मी गच्चीवर पान ठेवते. खीर, वडे, कढी, आणि त्याला आवडायची म्हणून गवारीची भाजी. शेजारच्या गच्चीवर पान टेकायचा अवकाश, की कावळ्यांची झुंबड उडते. आमच्या कठड्यावर एकच येतो. बसतो. मान तिरकी करून बघतो — पानाकडे नाही, माझ्याकडे. आणि उडून जातो. संध्याकाळी पान उचलायला जावं, तर शीतसुद्धा हललेलं नसतं. मुंगीही लागलेली नसते. नवरा म्हणतो, मोबाइलच्या टॉवरमुळं कावळे कमी झालेत. मग शेजाऱ्यांकडं काय वेगळे कावळे येतात? जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं मी, असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या दिवशी गच्चीवर एकटीला थांबवत नाही, हेही खरं.

अनंता माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा, माझ्या हातचा डबा न्यायचा. पुढं शेंद्र्याच्या एका कंपनीत लागला. तिथं एकदा रक्तदान झालं, आणि काही दिवसांनी त्याला रक्तपेढीतून बोलावणं आलं. परत आला तेव्हा मी ओट्याशी भाजी निवडत होते; सासूबाई देवळात गेल्या होत्या. एच.आय.व्ही. आहे म्हणाला. कुठून झालं तेही सांगितलं. ते त्याच्याबरोबर गेलं, ते मी इथं काढणार नाही. रडला नाही. एवढंच म्हणाला — वहिनी, आई माझ्यासाठी मुली बघतेय, तुम्ही काहीतरी करून मोडता घाला.

मोडता घालणं अवघड होतं का? मुळीच नाही. पत्रिकेचं कारण काढता आलं असतं. पण माझी लेक लग्नाची व्हायला आली होती. मी काही बोलले आणि खरं बाहेर फुटलं, तर या घराशी सोयरीक कोण करील — एवढंच डोक्यात. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला शाळेतल्या पोरांची फेरी काढून 'एकत्र जेवल्यानं एड्स होत नाही' असं घसा बसेपर्यंत ओरडणारी बाई मीच बरं का.

आम्ही फर्दापूरला मुलगी बघायला गेलो. रेखा तिचं नाव. पोहे झाले, तशी बशा उचलायच्या निमित्तानं तिनं मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"ताई, तुमी मास्तरीण हायेत म्हून इचारते. पोरगं कसंय वो? खरं सांगा."

"सोन्यासारखा आहे," मी म्हणाले.

खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात. माझी नाही अडखळली. आणि ती किती हसली! तिचं ते हसणं आठवलं की मला स्वतःची किळस येते.

इथंच थांबले असते तरी पुरेसं होतं. पण —

लग्न झालं. अनंता सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायचा आणि सुपारीच्या डब्यात लपवायचा. एकदा तिथल्या रांगेत ओळखीचा माणूस दिसला, तेव्हापासून त्यानं जाणंच सोडलं. मी त्याला समजावलं का? नाही. उलट म्हणाले, बरंच झालं, तो डबा एखाद्या दिवशी आईंच्या हाती लागला असता. मग त्याला टीबीनं धरलं. दवाखान्यात दोघांचीही तपासणी झाली, रेखालाही लागण झाल्याचं निघालं, आणि सासूबाईंनी तिथल्या तिथं निकाल लावला — माझ्या लेकराला हिनंच दिलं. रेखा एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. माझ्याही. मी पिशवी आवरत बसले.

आईसमोर खरं बोलायची हिंमत अनंताला झाली नाही. पण शेवटी शेवटी, मी पाणी पाजत असताना, त्यानं माझं मनगट धरलं. हाडाचा सापळा झाला होता नुसता, तरी पकड अशी, की बांगडी रुतली. मी गेल्यावर तरी सांगा वहिनी, तिचा काही दोष नाही. मी हो म्हणाले.

दहावा पैठणला केला, नदीकाठी. आमच्याकडं बायकाही जातात. माहेरी धाडलेली रेखा भावाबरोबर आली होती. तिला कुणी जवळ येऊ दिलं नाही, ती लांब उभी. पिंड मांडले. समोरच्या लिंबावर कावळेच कावळे, पण एकही खाली उतरेना. आवाजसुद्धा नाही. एवढे कावळे आणि अशी शांतता मी कधी पाहिली नव्हती. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, म्हणून घरचे एकेक शब्द देऊ लागले. नवरा म्हणाला, आईला सांभाळीन. सासूबाई म्हणाल्या, तुझं श्राद्धपक्ष चुकवणार नाही. कावळे हलले नाहीत. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात मामेसासरे पुढं झाले. "अनंता, लेका, त्या बाईला परत घरात पाय ठिवू देणार न्हाई. जा सुखानं."

आणि नेमकं तेव्हाच मी ओठातल्या ओठात पुटपुटले — सांगते रे बाबा, सगळ्यांना सांगते, तिला तुझ्यामुळं झालं म्हणून.

पंख फडफडले. कावळा पिंडावर होता.

"बघा, लेकराच्या मनात ह्येच व्हतं," सासूबाई म्हणाल्या. सगळ्यांच्या माना रेखाकडं वळल्या. ती कावळ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं — तिनंही ते खरं मानलं. आपल्या नवऱ्यानंच आपल्यावर ठपका ठेवला, असं. मी तोंड उघडायचं होतं फक्त. कावळा अजून खात होता. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, वहिनी रडतेय.

आमच्या नात्यात अजून ती गोष्ट सांगतात — मेलेल्या माणसानं कशी साक्ष दिली, अंगावर काटा येतो म्हणतात. मीही तिथं मान डोलावते.

रेखा आता चितेगावला कामाला आहे. गोळ्या वेळेवर घेते, तब्येत चांगली आहे, एकटीच राहते. मागच्या वर्षी स्टँडवर भेटली. मला टाळेल असं वाटलं होतं, तर पाया पडली. तिनं आपणहून फोन नंबर दिला. चितेगाववरून जाणारी पैठणची गाडी लागली, तरी तिचा पाय निघेना.

"समद्यांचं सोसलं वो ताई. पर त्यांनी बी मलाच... कावळा कसा झटक्यात शिवला त्या दिशी! तुमी तर जवळच व्हता न्हाई का?"

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

ती गाडीत चढली.

यंदा तिथीला तो कठड्यावर आला, तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले — सांगते, यंदा नक्की सांगते. पैठणला ओठातल्या एका शब्दावर खाली उतरला होता. यंदा माझं बोलणं होईपर्यंत बसला, पुरतं ऐकून घेतलं, आणि शेजारच्या गच्चीवर जाऊन जेवू लागला.

रेखाला ती लागण अनंताकडून झाली. लग्नाआधीपासून मला माहीत होतं. कावळा शिवला तो मामांच्या नाही, माझ्या शब्दावर. हे तुम्हाला सांगून झालं. तिचा नंबर माझ्याकडं आहे.