मोपेड म्हणायला मी तयार नव्हतो

पेशकार नुसतं ऐकून कुणाचा अर्ज लिहीत नसत. अर्जात गाडीचं नाव यायचं असलं की टोपी नीट करून उठायचे, बाहेर उभ्या गाडीभोवती एक चक्कर मारायचे, वाकून खाली बघायचे आणि मगच पेनाला हात लावायचे. ते आमच्या गावच्या विकास सोसायटीत कारकून होते. वडील निजामाच्या कचेरीत पेशकार होते, म्हणून गाव यांनाही पेशकारच म्हणे.

आम्हाला दोन चाकांवर आवाज करत जाईल ती फटफटी. त्यांना ते चालत नसे. "टांग टाकून बसतूस ती मोटरसायकल. पाय जुळवून बसतूस ती स्कूटर. पायडल मारल्याबिगर चालू व्हत न्हाई ती मोपेड," हे त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितलं असेल. एकदा सरपंच म्हणाला, "पेशकार, पेट्रोल तर समद्यात एकच जातंय की."

"रॉकेल बी चिमणीत अन् गॅसबत्तीत एकच जातंय. तुमच्या वरातीत चिमण्या लावल्या व्हत्या का?"

माझ्याकडे मोपेड होती. चारच बुकं शिकलेला माणूस मी, पण आमच्या आळीत पहिली गाडी माझी आली. बायकोनं तिला ओवाळलं होतं. मी तिला मोटरसायकल म्हणायचो आणि माझ्या तोंडावर कुणी दुसरं काही म्हणत नसे.

मग तो दुष्काळ आला. सोसायटीनं जनावरांची छावणी काढली. चारा थोडा, जनावरं फार, म्हणून चेअरमननं नियम केला. ज्याच्या दारात मोटरसायकल किंवा स्कूटर, त्यानं आपली जनावरं आपण जगवायची. सायकलवाल्याला आणि मोपेडवाल्याला छावणी. माझी पांढरी बैलजोडी होती, घरच्या गाईची. कडबा संपलेला होता.

अर्ज द्यायला गेलो तर सगळी भावकी तिथंच बसलेली. पेशकार बाहेर जाऊन गाडी बघून आले. "मोपेड हाय. लिवतो."

चुलतभाऊ मागून म्हणाला, "लिवा, लिवा. आमाला ठावंच हाय ती पायडलवाली."

भावकी हसली.

"मोटरसायकल लिवा," मी म्हणालो.

"मग बैलं छावणीत घेणार न्हाईत."

"घेऊ नका. मोटरसायकल लिवा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "का रं असं करतूस? मी लबाड लिवत न्हाई."

मी कागद ओढून घेतला आणि माझ्या हातानं लिहिलं, मोठ्या अक्षरात. नेऊन चेअरमनच्या टेबलावर टाकला.

दिवस मावळायच्या आत पेशकार माझ्या दारात. खिशातून कोरा अर्ज काढला. "हितं भावकी न्हाई. सही तेवढी कर, बाकी मी बघतो."

"लिवलं ते लिवलं," मी म्हणालो.

ते थोडा वेळ ओट्यावर बसले. पाणी प्यायले. दावणीकडे बघत राहिले; बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. मग कागदाची घडी करून गेले.

पंधरा दिवसांनी जोडी आष्टीच्या बाजारात गेली. घेणारा कोण, हे मी विचारलं नाही. तो ट्रकात जनावरं कशी कोंबत होता ते बघून कळलं.

पुढच्या साली पाऊस झाला. रान वाफशावर आलं आणि मी बांधावर मोकळ्या हातानं उभा. तेवढ्यात पेशकार स्वतःची जोडी हाकत आले. "आधी तुझं पेरून घे. माझं मागून बघू."

मी म्हणालो, "ज्याच्या दारात मोटरसायकल हाय, त्याला उसनी बैलं कशाला लागत्यात?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बैल वळवले आणि गेले.

त्या साली गावात बाजरी माणसाएवढी वाढली. माझ्या चार एकरांत कुसळं उभी राहिली. सोसायटीची वाट त्याच बांधावरून जायची. पेशकार रोज तिथून जाताना मान खाली घालायचे; लाज माझी होती, मान ते घालायचे. दोन वर्षांनी ते वारले. तोवर मी त्यांना एकदाही हाक मारली नाही.