मामांनी माणसाळवलेली पायताणं

सोमवार, दोन हजार चार सालचा श्रावण. दवाखान्यात हजर: मामा, मामी, आमचे हे आणि मी.

ह्यांच्या मामांइतका दुसऱ्याच्या पायताणात चाललेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. कोरं कोल्हापुरी पायताण चावतं हे सगळ्यांना माहीत. पण ते नातेवाइकांऐवजी आपल्याला चावावं, ही हौस फक्त मामांची. घरात कुणी नवा जोड घेतला की मामा त्याला एरंडेल पाजायचे, ऊन दाखवायचे आणि आठवडाभर स्वतः घालून उचगावहून आमच्या घरापर्यंत करकर वाजवत यायचे. मापाची अट नव्हती. ह्यांच्या मोठ्या जोडात ते फटक फटक चालत, माझ्या जोडात टाचा बाहेर टाकून. एकदा भर बाजारात बायका हसल्या, तर म्हणाले, "हसा की! सुनेच्या पायाला फोड आल्यावर तुमी येणार हायसा काय पाणी भराय?" मऊ झालेला जोड माझ्यापुढे ठेवताना एकच वाक्य, "घे, माणसाळलंय आता."

त्या वर्षी माझा जोड परत आला तो तसाच चावरा, तळ कोरा. मी विचारलं, तर मामा खिशात बिडी शोधत राहिले. शेवटी मामीच बोलल्या, "चार पावलं चाललं की पोटरी धरून हुभं ऱ्हात्यात. अंगठ्याची जखम बी भरंना. तुला सांगू नगं म्हणत्यात." मी दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतली आणि पिशवी भरली.

डॉक्टरांनी नीट समजावलं. मांडीतली रक्तवाहिनी आवळली होती. जांघेतून बारीक नळी घालायची, अडलेल्या जागी फुगा फुगवून रक्ताची वाट मोकळी करायची. भूल तेवढ्याच जागेपुरती. नाही जमलं तर पाय काढावा लागेल, हेही त्यांनी लपवलं नाही. मामींनी पदर तोंडाशी नेला. मामांनी विचारलं, "नळी कोरी हाय व्हय? कोरी असंल तर चावंल की."

"नळी न्हाय चावत, मामा. तुम्हाला बिडी चावलीय," डॉक्टर म्हणाले.

मामांना आत नेलं. त्यांना बाहेर आणल्यावर मामींनी आधी चादर उचलली आणि ते पाऊल दोन्ही हातांत धरलं. कित्येक महिने ते गारठलेलंच असायचं. "ऊन ऊन हाय की वं," एवढंच म्हणाल्या, आणि हात काही सोडेनात.

पाय राहिला, पण काम गेलं. डॉक्टरांची ताकीद होती: रोज चालायचं, बिडी बंद, कोरं पायताण पायात घालायचं नाही. मग मामा कापडी बुटांत पुढे आणि नवा जोड घालून मी मागे, अशी आमची उचगावची वाट सुरू झाली. मी लंगडले की ते मागे वळून ओरडायचे, "सूनबाई, रडू नगंस! वळण लागतंय त्येला!"

मामा झोपेतच गेले, त्याला आता वर्ष होईल. आमच्या जावयांसाठी त्यांनी पसंत केलेला जोड फळीवर आहे. मी त्याला एरंडेल पाजलं, ऊन दाखवलं. परवा घालून कोपऱ्यापर्यंत गेलेही. चावलं, थांबले, पुढून कुणी ओरडलं नाही. परत फिरले. उचगावपर्यंत जायचं अजून राहिलंय.