दहापैकी दहाचा संशय

मुलीला पैकीच्या पैकी मार्क मिळतात म्हणून शाळेत भांडायला आलेली आई मी आयुष्यात एकच पाहिली. छबूबाई. साल १९७१. शेवगावजवळच्या एका वाडीवर माझी एकशिक्षकी शाळा होती. चार इयत्ता, एक खोली आणि मी. छबूबाई लोकांच्या रानात खुरपायला जायच्या. अक्षरओळख नव्हती, पण चौथीतल्या द्वारकाची पाटी रोज दारातल्या उजेडात धरून निरखायच्या.

"गुरुजी, हिच्या पाटीवर एक बी फुली न्हाई. कवाच न्हाई. आसं कसं?"

"पोर हुशार आहे तुमची."

"हुशार हाय म्हनूनच इचारते. खुरपताना जिच्या वाट्याची पात आधी उरकती, तिला आमी मागं ऱ्हायलेलीच्या पातीला लावतो. मग ती दिसभर दुसरीचंच तन काढती. माज्या द्वारकीला तुमी कुठं लावलंय?"

माझं डोकंच फिरलं. सही करता न येणाऱ्या बाईनं मला शाळा शिकवावी? "विश्वास नसेल तर घाला तिला तालुक्याच्या शाळेत," म्हणालो.

बाई खरंच गेल्या. दिवसाची मजुरी बुडवली, तिथल्या मोठ्या शाळेत हेडमास्तरांच्या हातापाया पडून द्वारकाला एक दिवस वर्गात बसवलं आणि स्वतः व्हरांड्यात ठाण मांडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाला घेऊन पुन्हा माझ्या दारात.

"तितं साठ पोरं. मास्तर फळ्यावर लिवतो, समदी उतरून घेत्यात. हिचं आधी झालं, तर म्हनला, गप बस, बाकीच्यांचं हुंदे." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "पर निवडक पोरांना सुट्टीत अवघड गनितं देत्यात. स्कॉलरशिपची परीक्षा हाय म्हनं. आपल्याकडं न्हाई का ती?"

होती. कोरे फॉर्म माझ्याच खणात पडले होते. पण तयारी करून घ्यायची म्हणजे रोज तासभर द्वारकापाशी बसायचं. मग पहिली-दुसरीचे पाढे कोण म्हणून घेणार? वर्षभर ते काम द्वारकाच करत होती.

"आहे," मी म्हणालो. "मीच तिचं नाव घातलं नाही. खालचे वर्ग ती सांभाळते, म्हणून." बोलताना मला माझीच लाज वाटली.

छबूबाई ओरडल्या नाहीत. "मुदत कवर हाय?" एवढंच विचारलं.

"शनिवारपर्यंत."

मी तिथल्या तिथे फॉर्म भरला आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे केलं. छबूबाईंनी हात पदराखाली घेतला आणि कागद द्वारकाकडे सरकवला.

"वाच. गुरुजींनी खरंच तुजं नाव लिवलंय का बघ."

चार वर्षं माझा शब्द खाली पडू न देणारी ती पोर. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. ओळीवर बोट ठेवून ती पहिल्यापासून वाचायला लागली.