पायथ्याची जागा

"सगळे आले काय गा?"

आजाऱ्याच्या खाटेपाशी मावशी पहिल्यांदा हेच विचारायची. मग एकेकाचं तोंड नीट बघायची आणि मगच डोळे मिटायची. आमच्या चर्चच्या मंडळीत कोणी अंथरुणाला खिळलं, की बोलावणं तिलाच. तिच्या प्रार्थनेनं माणसं उठून बसलेली मी पाहिली आहेत. माझी शाळा चौथीपर्यंत, पण डोळे शाबूत आहेत. ज्याला पटत नसेल त्यानं पटवून घेऊ नये.

विड्या वळून पोट भरायची ती. जवळ आली की तंबाखूचा वास यायचा. डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं प्रार्थना करणारे तुम्हीही पाहिले असतील. ही तशी नव्हती. ही पायथ्याशी जाऊन आजाऱ्याचे पाय धरायची. डोक्यावर हात ठेवायला दर वेळी दुसऱ्याच कोणाला सांगायची. कधी दूधवाल्याला, कधी सुईणीला, एकदा तर चर्चच्या मुक्या चौकीदाराला.

एका रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "आपल्या या बहिणीला आरोग्य देण्याचं कृपादान मिळालं आहे."

मावशी जागेवरून उठली. "मले एकटीले नाही, साहेब. एकटीले भेटलं असतं तं कवाच इकून खाल्लं असतं."

पाळकसाहेबांसकट सगळं चर्च हसलं.

मी लकडगंजात सुतारकाम करायचो. चर्चमध्ये ढोलकी माझी, आणि पेटी एका मास्तराची. एका नाताळात भर गाण्यात त्यानं पेटी थांबवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्री, गाणं सुरू आहे. लाकूड नाही कापून राहिलो आपण." त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. त्याची पेटी वाजली की माझी ढोलकी मांडीवर गप्प. चूक माझी होती असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

मग माझ्या धाकट्या मुलीला टायफॉइड झाला. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण ताप हटेना. पोरगी आईलाही ओळखेना. मी मावशीला घेऊन आलो. ती पायथ्याशी बसली, घरभर नजर फिरवली.

"सगळे आले काय गा?"

"आले."

"पेटीवाला मास्तर कुठं आहे?"

"त्याचं इथं काय काम?"

"आज डोक्यावर हात त्याचा."

"त्याले मी नाही बोलावत, मावशी."

"नको बोलावू. मी बसते." आणि खरोखर, तिनं पिशवीतून पानं काढली आणि विड्या वळायला घेतल्या.

माझी बायको एवढंच म्हणाली, "तुमाले ढोलकी प्यारी का लेक?"

मी सायकल काढली. मास्तराच्या दारात उभा राहून म्हणालो, "चल. पोरगी जाऊन राहिली माझी. माफी मागाले नाही आलो." तो होता तसा बनियनवरच निघाला आणि माझ्या कॅरियरवर बसला. वाटेत म्हणतो, "हळू ना गा! इथंही तुझी लय पळूनच राहिली."

त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. प्रार्थनेचे शब्द त्याला सुचेनात, म्हणून तो गायला लागला. तेच नाताळचं गाणं, पेटीशिवाय. माझी बोटं पत्र्याच्या पेटाऱ्यावर आपोआप चालू झाली. त्याच्या लयीनं. मावशीनं विड्या बाजूला सारून पाय धरले होते. त्या वेळी आमच्याशिवाय आणखी कोणीतरी त्या खोलीत उभं होतं. एवढंच सांगतो.

पोरीला दरदरून घाम आला. डोळे उघडून म्हणाली, "बाबा, पाणी."

वस्तीत सगळे विचारायला लागले, कोणाच्या हातानं बरी झाली? मावशी म्हणायची, "माझे हात तं पायाशी होते. मले काय मालूम?"

पुढं बऱ्याच वर्षांनी ती स्वतःच खाटेवर पडली. आम्ही सारे जमलो आणि सारे उशाशीच दाटलो. पायथा रिकामा. तिनं एकेकाचं तोंड बघितलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. मग मीच मोठ्यानं विचारलं, "सगळे आले काय गा?"

"आले," मास्तर म्हणाला.

माझ्या त्याच धाकट्या मुलीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी जन्मात कोणाच्या पायाला हात लावलेला नव्हता. पायथ्याशी गेलो, तर मास्तर आधीच तिथं वाकलेला. एक पाय त्यानं धरला, एक मी. ते थंड झाले, तरी आमच्या दोघांपैकी आधी हात कोणी काढेना.