चाचांची पेटी उघडत नसते

करवत चालली की भुसा पडणारच. धारूरला महेबूब चाचांच्या दुकानात लाकडाची पेटी तयार होते एक, आणि किस्से निघतात पोतंभर! भुसा निदान चुलीत जातो. किस्से मात्र माझ्या डोक्यात साठत बसतात, कारण त्या पेट्या पोचवणारा टेम्पो माझा. म्हणून थोडे तुमच्यापुढं रिकामे करतो. खोटं वाटलं तर बप्पांना विचारा. ते माझ्याहून जास्त खोटं सांगतील!

चाचा फक्त जड वस्तूंच्या पेट्या करतात. इंजिन, मोटर, मूर्ती, काय वाट्टेल ते आणा. आणि बप्पा? बप्पांची शेती पोरं बघतात. बप्पा दुकानातल्या बाकावर बसून चाचांच्या कामाला नावं ठेवतात. फुलटाइम!

*

युसूफ वडगाव या गावच्या एका शेतकऱ्याला ऑइल इंजिन लातूरला पाठवायचं होतं. चाचांनी बाभळीच्या जाडजूड फळ्या काढल्या. त्यावर आडव्या पट्ट्या. त्यावर उभ्या पट्ट्या. इंजिन चौघांनी उचलून आणलं होतं. पेटी झाली तयार, नुसती रिकामी, तर त्याच चौघांच्यानं हलेना!

बप्पा म्हणाले, "चाचा, इंजन ऱ्हाऊ द्या घरीच. पेटीच पाठवा. वजन भरतंय."

चाचा पेन्सिल कानामागं खोचत म्हणाले, "बप्पा, इंजन कारखान्यात बनतंय. पेटी हितं बनती. फरक हाय."

घाटात चढ लागला तशी माझ्या टेम्पोनं पुढची चाकं उचलली. शेवटी बप्पांना बॉनेटवर बसवलं, तेव्हा कुठं टेम्पो जमिनीला लागला!

*

चाचांचा मुलगा सलीम पुण्यात कंपनीत आहे. दर जुम्म्याला त्याचा फोन. "अब्बा, आता सगळीकडं पुठ्ठ्याचे बॉक्स चालतात. लाकडाची पेटी कोण घेतं? दुकान बंद करा अन् इकडं या."

चाचांचा जीव दुकानात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये रंधा मारणार कुठं? गॅलरीत? एकदा वैतागून म्हणाले, "ज्या दिवशी माझ्या एका पेटीची तक्रार येईल, त्या दिवशी तूच येऊन कुलूप लाव. तवर तोंड उघडू नको!"

"जबान?"

"जबान!"

फोन स्पीकरवर होता. म्हणजे बप्पा साक्षीदार, मी साक्षीदार. त्या दिवसापासून एक पेटी टेम्पोत चढली की आमचा जीव टांगणीला. दुकान बंद पडलं तर बप्पांनी बसायचं कुठं, आणि मी सांगायचं काय?

*

पहिली धडकी भरवली ती ऊसतोडीला जाणाऱ्या सखूबाईनं. तिला स्वतःच्या पाट्यावर वाटलेल्या मिरचीशिवाय घास उतरत नाही. मुकादम म्हणाला, दगडधोंडे ट्रॉलीत घ्यायचे नाहीत. मग बाईनं चाचांकडून पाट्याला पेटी करून घेतली अन् मुकादमाला सांगितलं, "कपडे हायेत!" ते कपडे चढवताना मुकादमाच्या कमरेत उसण भरली.

सीझन संपला. बाई पेटी घेऊन दुकानात हजर!

"चाचा, वाटंत ट्रॉली पलटी झाली. आमी सगळी उतरून चहा पीत होतो म्हणून वाचलो. पर पाटा फुटला की वो!"

बप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी कुलपाकडं बघितलं.

चाचा कसेबसे म्हणाले, "आन् पेटी?"

"पेटीला काय होतंय? ओरखडा न्हाई!"

"मग... तक्रार हाय का तुझी?"

"हाय तर! लई मोठी हाय!" बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुमी जुने हायत हितले, म्हणून विचारायला आले. त्यो पाटा विकणारा कुठं बसतो?"

*

मग नंदी. पार कडा गावाच्या बाजूच्या एका खेड्यानं दगडी नंदी इकडं घडवून घेतला होता. पेटी घेऊन मी आणि चाचा पोचलो. बँडबाजा, मंडप, सगळं गाव गोळा. मुहूर्त आला, पण पेटी उघडेना! चाचांचे खिळे आरपार ठोकलेले आणि आतून वळवलेले. गावातल्या पोरांनी जोर लावला, पैलवानानं जोर लावला. शेवटी भटजींनी वेळ साधायला पेटीलाच हळदकुंकू वाहिलं.

एवढ्यात एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. नंदीच्या कानात गाऱ्हाणं सांगायचं, ते महादेवापर्यंत पोचतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हातारी पेटीला गोल फिरली, चाचपून बघितलं, मग भडकली.

"कावून रं बाबा, एक फट सुदीक न्हाई? देवाला सांगायचं कुठून?"

पेटीला फट नाही हे ऐकून चाचांची छाती फुगली. पण म्हातारी हटेना. चाचांनी गिरमिट काढलं, अंदाजानं नंदीच्या कानासमोर भोक पाडलं. म्हातारीनं तोंड लावलं आणि कुजबुजली. आजीबाईंचं कुजबुजणं मंडपाबाहेर ऐकू आलं.

"देवा, ही पेटी उघडू दे!"

*

आता हे शेवटचं.

शकुंतलाकाकूंची पिठाची गिरणी. ऐन दसऱ्यात मोटर बसली. चार गावचे डबे पडून, बाया भांडायला तयार. मोटर चाचांच्या पेटीत घालून दुरुस्तीला कंपनीकडं पाठवली. कंपनीचं नाव घेत नाही. प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर चाचांनी लाल रंगाचा ठिपका दिला आणि फळीवर स्वतःचा मोबाइल नंबर रंगवला.

काही दिवसांनी त्या नंबरवर फोन आला. नेमका सलीम सुट्टीला आलेला. नेमका त्यानंच उचलला.

"तुमच्या पेटीबद्दल तक्रार आहे," पलीकडचा म्हणाला, आणि रेंज गेली.

सलीमनं पायात चप्पल सरकवली. बाजारात जाऊन नवं कुलूप आणलं. चाचांनी रंधा पुसून ठेवला. बप्पा बाकावरून उठले, आणि बप्पा आपणहून उठलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

दुसऱ्या दिवशी पेटी आली. सोबत कंपनीचा शिक्का मारलेला कागद. सलीमनं वाचला: "मोटर उघडली. साफ केली. चालवून पाहिली. ओके."

बप्पा वाकून पेटी बघत होते. एक बाजू. दुसरी बाजू. वर. मग सरळ झाले.

"सलीम, एकाबी ठिपक्याला ओरखडा न्हाई. ही पेटी कुणी उघडलीच न्हाई बे!"

सलीमनं स्वतः पहार घातली. पहार वाकली! अखेर चाचांनी एका बाजूची फळी करवतीनं कापली, तीही डोळे पुसत. मोटर जशी गेली होती तशीच आत, वर काकूंच्या गिरणीचं पीठसुद्धा तसंच!

काकूंना सांगायचं काय? मुकाट्यानं मोटर गिरणीत बसवली. काकूंनी बटण दाबलं.

गिरणी सुरू!

आमची तोंडं उघडी ती उघडीच. सलीम पिठाच्या धुरळ्यात ओरडून म्हणाला, "काकू, पेटीबद्दल काही तक्रार?"

"कसली तक्रार? नवी असताना बी अशी फिरत नव्हती!"

सकाळी दुकान उघडलं तर बाहेर रांग. कुणी मिक्सर आणलेला, कुणी पंखा, कुणी पाण्याची मोटर. एकच मागणी: "चाचा, ह्याला बी पेटीत घाला."

सलीमची पुण्याची गाडी दुपारची होती. सगळे पांगल्यावर तो चाचांजवळ आला, इकडंतिकडं बघितलं, आणि बॅगेतून हळूच लॅपटॉप काढला.

"अब्बा... चालूच होत नाही."

चाचांनी लॅपटॉप दोन्ही हातांत तोलला आणि बाभळीची जाड फळी पुढं ओढली.