चमचाभर दही-साखर

बाबांना काळी संडास होऊ लागली, तेव्हा आत कुठंतरी रक्त जात असावं म्हणून डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घालून बघायचं ठरवलं. तपासणीच्या दिवशी सक्करदऱ्याच्या घरून निघताना आईनं शुभ म्हणून त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "काही खाल्लं का, काका?" बाबा खरं बोलले.

"मग आज नाही होत. पुढच्या महिन्यात या."

"चमचाभरच तं दिलं होतं, मॅडम," आई म्हणाली.

मी भडकलो. "उपाशीपोटी यायचं, हे चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून मोकळे होता. तोंडानं सांगायला जीभ झिजते का?" सिस्टरनं पुढचं नाव पुकारलं.

घरी येताच बाबा संडासात गेले. ते बाहेर येईपर्यंत आई दाराबाहेरच उभी राहिली.

"आजही काळीच का जी?"

बाबा "हो" म्हणाले आणि भिंत धरून खाली बसले.