मागच्या सीटखाली पेट्रोल, पुढं उदबत्ती

मंडळी, आज दुपारी जे कळलं, ते तुम्हाला सांगायला लिहितोय.

आमची गाडी वीस वर्षं जुनी. माझे वडील, आप्पा, फौजेतून रिटायर झाले तेव्हा घेतलेली. गेला महिनाभर, टाकी फुल्ल केली की आत पेट्रोलचा वास सुटायचा. मी म्हटलं, जुनी गाडी, वास येणारच.

आप्पा रोज सकाळी डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती लावतात आणि मगच नातीला शाळेत सोडायला निघतात. मीच त्यांना सांगितलं होतं, "एकाऐवजी दोन लावा, वास तरी मरेल."

आज साताऱ्यात चढावर गाडी आचके देत बंद पडली. आप्पा आणि मी ती ढकलत मिस्त्रीकडं घेऊन गेलो. त्यानं मागची सीट उचलली. खाली टाकीतल्या पेट्रोल पंपाचं झाकण ओलंचिंब होतं आणि पाइपला चीर गेलेली.

"पंप चालू झाला की हितनं पेट्रोल भाईर येतंय," तो म्हणाला. मग त्याला पुढं पडलेली राख दिसली. "आवं, ह्यात उदबत्ती कोण लावतंय? वाचला कसं तुमी?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "मीच लावतो. माझीच चूक."

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मीही गप्प बसलो.

माझी लेक रोज त्याच मागच्या सीटवर बसते.

तुमच्या गाडीत पेट्रोलचा वास येतोय का? आणि तो झाकायला तुम्ही काय लावलंय?